पाणी ओसरल्यावर

मंडळी, संकटातून तगून राहणाऱ्या माणसांच्या कथा-कादंबऱ्या मी शाळेपासून वाचत आलेय. गेली काही वर्षं कळव्यातल्या आमच्या सोसायटीची पावसाळ्याआधीची तयारीही मीच बघते. दोन्ही नादांमुळे एक गोष्ट सतत खुपते. लेखकांचा पूर बहुतेक वेळा खरा असतो. पाण्याचा लोंढा, गेलेली वीज, काळोख, सगळं पटतं. पुरातली माणसं मात्र पटत नाहीत.

कथेतला नायक उडी मारतो. आता २७ जुलै २०१९ आठवा. कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, आपल्याच जिल्ह्यात, पुराच्या पाण्यात अडकली. आत हजारावर प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर बायका. रेल्वेने सांगितलं, गाडीतून उतरू नका. मग एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, आसपासचे गावकरी धावले आणि त्या दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. त्या डब्यांत लोकांनी काय केलं? वाट पाहिली. अंधारात, पाणी पुरवून पुरवून पीत, शेजारच्या बाईच्या पाठीवर हात ठेवून तास न् तास बसणं कसं असतं, हे लिहायला उडीपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. मला ती कथा वाचायची आहे.

आणि मोटारीचं नेमकं उलट आहे. २६ जुलै २००५ला मुंबईत काही माणसं बंद गाडीत गुदमरून गेली. मोटार फूट-दीड फूट पाण्यातही तरंगू लागते, आणि बाहेरचं पाणी दार असं दाबून धरतं की ते उघडत नाही. म्हणून पाणी चढतंय असं दिसताच काच खाली करायची आणि निघायचं. कुठे बसून राहायचं आणि कुठे बाहेर पडायचं, हे ज्ञान कथेत आलं तर प्रसंग सैल पडत नाही, उलट तो जास्त ताणला जातो.

दुसरी चूक गर्दीची. संकट आलं की लोक सैरावैरा धावतात, एकमेकांचं लुटतात, हे आपण इतक्यांदा वाचलंय की तेच खरं वाटतं. एन्रिको क्वारांटेली या समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९६३मध्ये अमेरिकेत आपत्तींच्या अभ्यासाचं केंद्र काढलं आणि हयातभर हाच विषय धरला. त्यांना अशी घबराट क्वचितच आढळली. मला हे पुस्तकाआधी विक्रोळीत कळलं. २००५च्या २६ जुलैला, त्या मंगळवारी, मी सायनहून चालत निघाले होते. रात्री एका चाळीतल्या मावशींनी मला हाताला धरून आत नेलं, स्वतःचा कोरडा गाऊन दिला, पिठलं-भात वाढला. माझी चप्पल केव्हाच वाहून गेली होती, म्हणून पहाटे निघताना त्यांच्या मुलाचे कॅनव्हासचे बूट पायात घातले. महिन्याभराने ते परत द्यायला गेले, तर म्हणाल्या, “अगं, त्याला ते लहान झाले.”

खरा धोका घबराटीत नसतो, तो ‘अजून थोडं बघू’ या वाक्यात असतो. गाडी वर घेऊ, मग बघू. मीटर रूममध्ये पाणी शिरेल तेव्हा मेन स्विच पाडू.

तयारीचंही तसंच. कथेतल्या पिशवीत सुरा, दोर, होकायंत्र. आमच्याकडे पहिला प्रश्न पंपाचा असतो. वीज गेली की पंप बंद, आणि वरची टाकी बघता बघता रिकामी होते. खालच्या टाकीत गटाराचं पाणी मिसळलं तर तीही गेली. म्हणून माणशी दिवसाला चार लिटर, असं तीन दिवसांचं पाणी घरात वेगळं भरून ठेवायचं. दुसरा प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या इन्सुलिनचा. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर टिकते, पण २५-३० अंशांच्या आत. न उघडलेला साठा थंडच लागतो. तो पिशवीत बांधून ओल्या मडक्यात ठेवायचा. हे आमच्या जिन्याखालच्या कपाटात कागदावर लिहिलेलं आहे, कारण फोन बंद पडतो. कोणाला दम्याचा पंप लागतो, कोणाला जिना उतरवत नाही, कोणाकडे कोण जाणार, सगळं नावानिशी.

आणि कथा बहुतेक पाणी ओसरलं की संपते. इथे तर तेव्हा दुसरा भाग सुरू होतो. पायाला जखम घेऊन पाण्यातून चाललेल्या माणसाला आठ-दहा दिवसांनी ताप भरतो, अंग मोडून येतं, डोळे लाल होतात. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, असेल तर उशीर परवडत नाही. २००५च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथच आली होती. जुलाब लागलेल्या पोराला लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावं लागतं, रात्रभर.

कोणीतरी तिथून सुरुवात करा. चिखल धुतलेला जिना, वीज अजून नाही, आणि एक बाई टॉर्च घेऊन, हातात ती यादी धरून, एकेक दार वाजवत विचारतेय, “ताप आहे का कोणाला?”