प्रकल्पाचे मूळ कोणी ठरवायचे?

मित्रहो, कोड लिहिण्याच्या संपादकाच्या, म्हणजे एडिटर प्रोग्रॅमच्या, दृष्टीने ‘प्रकल्प’ म्हणजे काय, तर कोणत्या फोल्डरपासून खालचे सारे एकाच कामाचे मानायचे, हे ठरलेले असणे. फाइल उघडणे, सगळ्या कोडमध्ये एखादे नाव शोधणे, कंपाइल करणे (कोडचे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणे), ही सारी कामे त्या मूळ फोल्डरवर अवलंबून असतात. म्हणूनच ईमॅक्स या संपादकातले प्रकल्प सांभाळणारे अंगभूत ‘प्रोजेक्ट डॉट ईएल’ वापरावे की त्याच कामाचे ‘प्रोजेक्टाइल’ बाहेरून बसवावे, हे ठरवताना मी कमांडची संख्या मोजत नाही. मूळ कोण ठरवते आणि संपादकातले बाकीचे भाग कोणाला विचारतात, हे पाहतो.

बोझिदार बात्सोव्ह यांचे प्रोजेक्टाइल 2011 पासून आहे. अंगभूत सोय आली 2016 मध्ये, ईमॅक्स 25.1 बरोबर, आणि ती सुरुवातीला इतकी तुटपुंजी होती की तेव्हा प्रोजेक्टाइल बसवणेच शहाणपणाचे होते. 2022 च्या 28.1 मध्ये मात्र ‘कंट्रोल-एक्स पी’ ही कळ तिच्या वाट्याला आली: पुढे एफ दाबले की फाइल, जी दाबले की शोध, पुन्हा पी दाबले की दुसरा प्रकल्प.

माझ्या मते निर्णायक बदल झाला तो 2023 मध्ये. 29.1 पासून एग्लॉट हा लँग्वेज सर्व्हरशी (कोड समजून चुका दाखवणाऱ्या, नावे सुचवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमशी) बोलणारा भाग ईमॅक्समध्येच आला, आणि सर्व्हर कोणत्या फोल्डरवर चालवायचा हे तो प्रोजेक्ट डॉट ईएललाच विचारतो. एकाच गिट रेपोत (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या भांडारात) ‘सर्व्हर’ आणि ‘वेब’ असे दोन फोल्डर असतील, तर संपूर्ण रेपो हाच एक प्रकल्प धरला जातो. वेबमधली फाइल शोधताना सर्व्हरच्या शेकडो फाइली यादीत येतात आणि लँग्वेज सर्व्हरही रेपोच्या मुळाशी सुरू होतो. यावर ‘प्रोजेक्ट-व्हीसी-एक्स्ट्रा-रूट-मार्कर्स’ या चलात, म्हणजे ईमॅक्सच्या सेटिंगमध्ये, ‘पॅकेज डॉट जेसन’ हे वेब फोल्डरच्या मुळाशी असलेल्या फाइलचे एक नाव घातले की वेब फोल्डर स्वतंत्र प्रकल्प म्हणून ओळखला जातो, आणि शोध व एग्लॉट दोघेही सुधारतात. एका ओळीत एवढे साधत असेल, तर सुरुवात अंगभूत साधनापासूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

तरीही मॅव्हेन या बांधणीच्या साधनावर चालणाऱ्या जावा प्रकल्पात मी प्रोजेक्टाइल बसवेन. ते ‘पॉम डॉट एक्सएमएल’ ही मॅव्हेनची फाइल पाहून प्रकल्पाचा प्रकार ओळखते, कंपाइल आणि चाचणीच्या कमांड स्वतः सुचवते, आणि मूळ कोडच्या फाइलवरून तिच्या चाचणीच्या फाइलवर व परत एका कळीने नेते. अशी उडी दिवसातून पन्नास वेळा मारणाऱ्याला तिचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. प्रोजेक्टाइलचा मोड सुरू असताना ते आपले मूळ प्रोजेक्ट डॉट ईएललाही कळवते, त्यामुळे दोन्ही एकत्र नांदू शकतात. मात्र माहीत असलेल्या प्रकल्पांच्या याद्या दोघे वेगवेगळ्या फाइलींत ठेवतात, तेव्हा प्रकल्प बदलण्यासाठी दोघांपैकी एकाचीच कळ हाताला लावून घ्यावी.