गणिताच्या तासाला सुचलेलं गाणं

(दृश्य: शाळेची रिकामी बाकं, उघडी वही)

हेंडरसनव्हिल, टेनेसी. नववीचा वर्ग. फळ्यावर गणित चाललंय आणि एका मुलीच्या डोक्यात चाल घोळतेय. तिचा मित्र शाळा संपवून कॉलेजला निघालाय, ताटातूट ठरलेलीच आहे. मग पुढे त्याला आपली आठवण कशाने येईल? आपल्या आवडत्या गायकाचं गाणं कानावर पडलं की! त्या गायकाचं नाव टिम मॅग्रॉ. गाण्याचं नावही तिने तेच ठेवलं.

मुलीचं नाव टेलर स्विफ्ट.

पेन्सिल्व्हेनियात नाताळची झाडं पिकवणाऱ्या मळ्यावर तिचं बालपण गेलं. अकराव्या वर्षी ती आईबरोबर नॅशव्हिलला आली. म्युझिक रो म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांची आळीच. आई गाडीत थांबायची आणि ही एकेका दारात शिरून आपली सीडी देऊन यायची. त्या सीडीवर सगळी दुसऱ्यांची गाणी होती. हाती काहीच लागलं नाही. पण एक गोष्ट तिला तेव्हाच उमगली. या गावात गाणारे पैशाला पासरी आहेत, वेगळं काहीतरी हवं. तिने गिटार हातात घेतली आणि स्वतः लिहायला लागली. बाराव्या वर्षी, शाळेत एकटं पडल्यावर लिहिलेलं ‘द आउटसाइड’ पुढे तिच्या पहिल्या अल्बममध्ये आलं.

ती चौदा वर्षांची असताना सगळं घर टेनेसीला हललं. घरची परिस्थिती चांगली होती म्हणून हे जमलं, हेही सांगायला हवं. आरसीएसारख्या बड्या कंपनीने तिला हाताशी धरलं होतं, पण अल्बमची त्यांना घाई नव्हती. कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण लोकगीतांतून आलेलं संगीत, मोठी माणसं ऐकतात, शाळकरी मुलीची गाणी कोण ऐकणार, असाच तेव्हा सगळीकडे सूर होता. टेलरला मात्र ही वर्षं सरायच्या आत ती गाण्यांत उतरवायची होती. आणि ती तिथून बाहेर पडली! मला या सगळ्या कहाणीत तिचा हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो. सोळाव्या वर्षाचं दुःख अठराव्या वर्षी आठवून लिहिता येतं, पण मग ते आठवून लिहिलेलं असतं.

दर मंगळवारी शाळा सुटली की ती गीतकार लिझ रोझ यांच्याकडे जायची. दिवसभरात वर्गात काय झालं ते सांगायची आणि त्यातून गाणं निघायचं. रोझ म्हणतात, माझं काम फक्त संपादकाचं होतं.

(दृश्य: ब्लूबर्ड कॅफेची दर्शनी बाजू)

नॅशव्हिलचं हे ब्लूबर्ड कॅफे. दुकानांच्या रांगेतली शंभरेक माणसांची जागा. गाणं चालू असताना इथे कोणी बोलत नाही. 2005 साली स्कॉट बोर्चेटा यांनी तिला इथे ऐकलं. ते स्वतःची कंपनी काढण्याच्या खटपटीत होते. तीच पुढे बिग मशीन झाली, टेलरच्या वडिलांनीही तिच्यात थोडी रक्कम घातली.

निर्माता म्हणून तिने हट्टाने नेथन चॅपमन यांना घेतलं. त्यांनी तोवर एकही अल्बम केला नव्हता. एका प्रकाशन कंपनीच्या मागच्या शेडमध्ये ते तिची कच्ची ध्वनिमुद्रणं करत, आणि तिला तोच आवाज हवा होता. बँजो, फिडल, स्टील गिटार, आणि त्यांच्या मधोमध अजून न पिकलेला, थोडा पातळ गळा. तो कोवळेपणा झाकलेला नाही, म्हणूनच ही गाणी खरी वाटतात.

24 ऑक्टोबर 2006. ‘टेलर स्विफ्ट’ याच नावाचा तिचा पहिला अल्बम दुकानांत आला. अकरा गाणी, प्रत्येकावर गीतकार म्हणून तिचं नाव, तीन तर तिने एकटीने लिहिलेली.

(दृश्य: सीडीसोबतची पुस्तिका, अगदी जवळून)

ही पुस्तिका नीट बघा. गाण्यांच्या ओळी लहान अक्षरांत छापल्यात, पण मध्येच एखादं अक्षर कॅपिटल आहे. छपाईची चूक नाही ही. ती अक्षरं ओळीने जुळवली की प्रत्येक गाण्यातून एक निरोप निघतो. बाकावरून बाकावर चिठ्ठी सरकवावी तसा.

कंपनी एवढी लहान, की रेडिओ स्टेशनांना पाठवायच्या सीडी टेलर आणि तिची आई स्वतः पाकिटांत भरत. अल्बम सावकाश चढला आणि बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेत दर आठवड्याला निघणाऱ्या लोकप्रिय अल्बमच्या, मुख्य यादीत 157 आठवडे टिकला. शाळेच्या कार्यक्रमासाठी लिहिलेलं ‘अवर साँग’ 2007 च्या डिसेंबरात कंट्री गाण्यांत पहिल्या क्रमांकावर गेलं.

त्याच वर्षी मे महिन्यात एसीएम, म्हणजे अकॅडमी ऑफ कंट्री म्युझिकच्या पुरस्कारांचा सोहळा होता. टेलर गिटार घेऊन ते गणिताच्या तासाचं गाणं गात होती. गाता गाता ती मंचावरून खाली उतरली आणि पुढच्या रांगेत बसलेल्या टिम मॅग्रॉसमोर जाऊन थांबली. गाणं संपवून तिने हात पुढे केला.

“हाय, मी टेलर.”