एकवीस दिवसांची वही

(दृश्य: परळ, सकाळ. टाटा मेमोरियलच्या फाटकाबाहेरची गर्दी. एका बाईच्या मांडीवर रिपोर्टांची जाडजूड पिशवी, त्यावर दोनशे पानी वही.)

उपचार सुरू होतील त्या दिवशी एक वही घ्यावी. पहिल्या पानावर फाइल नंबर, रक्तगट आणि कोणत्या हाताला सुई टोचायची नाही ते ठळक लिहावं. पुढची पानं तारखांची. स्तनाच्या कॅन्सरवरची केमो बऱ्याचदा २१ दिवसांच्या फेऱ्यांनी चालते, आणि त्या २१ दिवसांतला प्रत्येक दिवस वेगळा असतो. आज कितवा दिवस आहे हे माहीत असलेली बाई निम्मी भीती तिथेच मागे टाकते.

पहिला दिवस लाल औषधाचा. डॉक्सोरुबिसिन हे त्याचं नाव. सोबत बहुधा सायक्लोफॉस्फमाइड असतं. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. तो औषधाचा रंग असतो, घाबरू नये. घाबरायचं वेगळ्या गोष्टीला: सलाईन चालू असताना सुईपाशी जळजळलं, ठणकलं किंवा फुगलं, तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारावी. हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जाळतं. ‘थोडं सोसू, त्यांना कशाला त्रास’ ही आपल्याकडच्या बायकांची सवय इथे फार महागात पडते.

(दृश्य: स्वयंपाकघर. झाकलेलं पातेलं, ताटलीत मऊ भात.)

दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत मळमळ. उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेला घ्यायची. ऑनडान्सेट्रॉनने पोट साफ होत नाही, म्हणून पाणी आणि पातळ पदार्थ वाढवावेत. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं असेल तर झोप उडते. ती गोळी सकाळी घेता येईल का, हे विचारून घ्यावं. फोडणीचा वास सहन होत नाही तेव्हा निवलेलं अन्न बरं वाटतं. आणि एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी: या तीन दिवसांत तिच्या आवडीचं मुद्दाम काही करू नये. मळमळ त्या चवीला चिकटते आणि पुढे कित्येक महिने तो पदार्थ डोळ्यांसमोर नको होतो. पुरणपोळी दहाव्या-बाराव्या दिवसासाठी राखून ठेवावी.

सातवा ते चौदावा दिवस सगळ्यात जपायचा. रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. बाईला बरं वाटत असतं, म्हणूनच घात होतो. वहीत सकाळ-संध्याकाळ ताप लिहावा, हात लावून नव्हे, थर्मामीटरने. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दिसला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नये. गोळीने आकडा उतरतो, जंतू आत वाढतच राहतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावं आणि दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोलावं: केमो चालू आहे, आज अमुकवा दिवस, ताप इतका. शिरेतून अँटिबायोटिक जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं.

याच दिवसांत भेटायला येणाऱ्यांचा ओघ असतो. प्रेमाने येतात, पण सर्दी घेऊनही येतात. दारातून बोलून निरोप दिला तर कोणी रागावू नये. कापून ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी बंद. तोंड आलं तर पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा चुळा भराव्यात.

केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी जातात. त्याआधी टाळू दुखते. तेव्हाच बारीक कापून घेतले तर सोपं जातं.

पुढे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध सुरू झालं की बोटं बधिर होतात. ब्लाउजचा हूक अडकतो कुठे ते बोटांना कळत नाही, डोळ्यांनी बघून लावावा लागतो. तव्याचा चटका उशिरा कळतो, म्हणून चिमटा किंवा पकड हाताशी हवी. हे डॉक्टरांना दर वेळी सांगायचं. बधिरपणा वाढत असेल तर ते डोस बदलू शकतात. न सांगितलेलं वहीत राहतं आणि बोटांत कायमचं बसतं.

(दृश्य: ड्रेनची बाटली, जवळून. तळाशी गुलाबी पाणी.)

ऑपरेशननंतर काखेजवळून एक नळी बाहेर येते, टोकाला बाटली. तीच ड्रेन. रोज ठरल्या वेळी ओतून मोजायचं, मिलिलिटरमध्ये लिहायचं. आधी लाल, मग गुलाबी, मग गवती पिवळं. बऱ्याच ठिकाणी सलग दोन दिवस ३० मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात. पाणी एकदम थांबलं आणि काख फुगली तर नळी तुंबलेली असू शकते, तेव्हा कळवायचं. बाटली लोंबकळत ठेवू नये, गाऊनला सेफ्टी पिनने अडकवावी, नाहीतर कूस बदलताना ओढ बसते.

खांदा धरू नये म्हणून फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हापासून भिंतीचा व्यायाम. भिंतीसमोर उभं राहून बोटं कोळ्यासारखी वर चालवायची, ओढ लागली की थांबायचं, तिथे पेन्सिलने रेघ आणि तारीख. शेक, म्हणजे रेडिएशन, घेताना हात डोक्यावर नेऊन स्थिर झोपावं लागतं. हात वर जात नसेल तर शेक लांबतो.

(दृश्य: दादर, गाडगे महाराज धर्मशाळा. दोरीवर वाळणारे कपडे.)

वहीची मागची पानं ठेवावीत माणसांसाठी. डबा कोणी आणला, रात्री कोण थांबलं, रक्त कोणी दिलं, पहिल्याच टोच्यात शीर सापडवणाऱ्या सिस्टरचं नाव. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीचं रेल्वे तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सूट. हा फॉर्म भरून देणारा समाजसेवा विभागातला माणूसही त्या पानावर यावा.

त्या यादीत काही बायका आहेत ज्यांची नावं कधी कळणार नाहीत. १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखाहून अधिक बायका टाटाच्या एका अभ्यासात सामील झाल्या. त्यातल्या निम्म्या जणींचे स्तन दर दोन वर्षांनी आरोग्यसेविका हाताने तपासत. २०२१मध्ये निष्कर्ष आला: पन्नाशीपुढच्या, तपासल्या गेलेल्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. दुसऱ्या अभ्यासात दीड हजारांहून जास्त जणी होत्या. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दाताच्या डॉक्टरांकडचं साधं भूल देणारं औषध टोचलं, तर पाच वर्षांनी शंभरातल्या चार जणी जास्त आजारमुक्त राहिल्या. २०२३मध्ये ते छापून आलं. ज्यांना औषध मिळालं नाही त्या गटातल्या जणींनीही सही केली होती.

(दृश्य: स्वयंपाकघराची भिंत. पेन्सिलच्या रेघा, ओट्यापासून वर चढत गेलेल्या.)

ज्यांची गाठ हार्मोनवर पोसली जाते त्यांच्यापैकी अनेकींना पुढे टॅमोक्सिफेन, म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी, २० मिलिग्रॅम, रोज एक, पाच ते दहा वर्षं. वही बदलते, मोजणं चालू राहतं. सगळ्यात वरची रेघ आता डब्यांच्या फळीला लागली आहे. तिथे डाव्या हाताने गोडा मसाल्याचा डबा काढता येतो.