नकाशावरचा ठिपका खरा किती?

नमस्कार मंडळी. विषय शर्यतीतल्या लाइव्ह ट्रॅकिंगच्या, म्हणजे स्पर्धक आत्ता कुठे आहे ते घरबसल्या नकाशावर बघण्याच्या, भविष्याचा आहे, तिथे येतोच, पण आधी घरचं बोलू. २०१७ मध्ये आपले डॉ. अमित समर्थ रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत करून राहिले होते, जवळपास ४,८०० किलोमीटर, एकट्याने, बारा दिवसांच्या आत, तेव्हा इथे नागपुरात आपल्याला काय दिसत होतं? नकाशावर सरकणारा एक ठिपका. तेवढ्यावर लोक रात्री उठून मोबाईल बघायचे. म्हणून मला हा ठिपका फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो खोटा बोलला की राग येतो.

आता ऐका. माझा भाचा एका मोठ्या शहरात मॅरेथॉन धावत होता, ताई शेवटच्या टप्प्यात पाण्याची बाटली घेऊन उभी, हातात अ‍ॅप. ठिपका मस्त पुढे येऊन राहिला, ताई मला फोनवर सांगते, आला रे, आता दिसेलच. ठिपका तिच्यासमोरून निघून गेला तरी पोराचा पत्ता नाही. तो बिचारा कितीतरी मागे, पायात गोळे येऊन मेडिकल टेंटमध्ये पडलेला. ताईची काय हालत झाली असेल सांगा. झालं असं की, बिबवरची, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदावरची, चिप फक्त रस्त्यावर अंथरलेल्या नोंदीच्या मॅटवरून गेली की नोंद होते, आणि दोन मॅटच्या मधे पाच-पाच किलोमीटर असू शकतात, मग बरीच अ‍ॅप मागच्या वेगावरून अंदाज बांधतात आणि ठिपका आपला पळवत ठेवतात. अंदाज बांधा ना, पण तो अंदाज आहे असं स्क्रीनवर दिसू द्या! रंग फिका करा, "शेवटची नोंद इतक्या मिनिटांपूर्वी" एवढं लिहा. माझी मागणी एवढीच आहे आणि मी ती सोडणार नाही.

(हो हो, पाहिली चिठ्ठी, पाच मिनिटं राहिलीत.)

मग भविष्य पटपट सांगतो. पहिलं, जीपीएसला नेटवर्क लागत नाही, जागा कळते, पण ती दुसऱ्याला पाठवायला लागतं, म्हणून खवासाकडून पेंचच्या जंगलात शिरलं की ठिपका थिजू शकतो. परदेशात सॅटेलाइटवाला ट्रॅकर लावतात, आपल्याकडे तो परवानगीशिवाय वापरता येत नाही, विमानतळावर लोकांना अडवलंय. पुढे साध्या फोनमध्येच सॅटेलाइट येईल, सुरुवात झालीच आहे. तोवर लोरा आहे, म्हणजे थोडीशी माहिती लांबवर पाठवणारा कमी विजेचा रेडिओ, ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, लायसन्स लागत नाही, मोकळ्यावर काही किलोमीटर जातं, सागवानात कमी, पण ब्रेव्हेच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइडच्या, कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी) एकेक लावून बघायला काय हरकत आहे.

दुसरं, बघणारा माणूस हवा. २०२१ मध्ये चीनच्या गान्सूमध्ये शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत हवा बिघडली, २१ धावपटू गेले, आणि ट्रॅकर तर त्यांच्याकडे होते. ठिपका थांबला तर फोन कोण करणार, गाडी कोण काढणार, हे शर्यतीच्या आधी ठरलेलं पाहिजे.

आणि तिसरं, ठिपक्याच्या बाजूला मराठीत कोणी सांगणारा पाहिजे, चढ कुठे आहे, वारा कसा आहे, गडी झोपला की पंक्चर झालाय. ज्यांना हे करायचंय त्यांनी बाहेर चहाजवळ भेटा, नंबर घेतो.