मनगटावरचा आकडा

पडद्यावर दिसणारा हा हात २८ मीटर खोलीवर असलेल्या एका डायव्हरचा आहे. जाड हातमोज्यावर बांधलेल्या डाइव्ह कॉम्प्युटरवर खोली दिसते, पाण्यात उतरल्यापासून झालेली ११ मिनिटे दिसतात, आणि मधोमध, सगळ्यांत ठळक, ९ हा आकडा दिसतो. आणखी ९ मिनिटे ती या खोलीवर राहिली, तरी शरीरातला नायट्रोजन बाहेर पडू देण्यासाठी वाटेत सक्तीचा थांबा न घेता तिला वर येता येईल, असे हे यंत्र सांगत आहे. बघता बघता नवाचे आठ होतात.

कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्याने एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी, की हा आकडा मोजलेला नसून हिशेबाने काढलेला आहे. यंत्र प्रत्यक्षात मोजते ते पाण्याचा दाब, वेळ आणि तापमान. डायव्हरच्या रक्तात किती नायट्रोजन मुरला आहे, हे मोजण्याचे कोणतेही साधन त्याच्यात नाही. दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो, आणि वर येताना तो पुरेशा सावकाशीने बाहेर पडला नाही तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ साली, बकऱ्यांवर केलेल्या प्रयोगांच्या आधारे, शरीराची पाच काल्पनिक कप्प्यांत विभागणी केली. त्यांतला सर्वांत चपळ कप्पा ५ मिनिटांत अर्धा भरत असे आणि सर्वांत संथ कप्पा ७५ मिनिटांत. पुढे झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान यांनी हे कप्पे १६ पर्यंत नेले आणि सर्वांत संथ कप्प्याचा काळ ६३५ मिनिटांवर ठेवला. आजचे बहुतेक कॉम्प्युटर या दोघांच्या वारशावर चालतात.

कॉम्प्युटर येण्याआधी खोली आणि वेळेच्या मर्यादांचा छापील तक्ता वापरणाऱ्याला संपूर्ण डाइव्ह सर्वांत जास्त खोलीवरच झाली असे धरून चालावे लागे, मग तो त्या खोलीवर पाचच मिनिटे का असेना. १९८३ साली आलेल्या ऑर्का एजसारख्या सुरुवातीच्या कॉम्प्युटरांनी ही अडचण दूर केली, कारण ते डायव्हर जिथे असेल तिथला हिशेब दर काही सेकंदांनी नव्याने मांडत.

आता ही दोन मनगटे पाहा. एकाच डायव्हरने दोन वेगळ्या पद्धतींचे कॉम्प्युटर बांधले आहेत आणि तिची ही दिवसातली तिसरी डाइव्ह आहे. सकाळच्या पहिल्या डाइव्हला दोन्ही आकड्यांत एखाद-दोन मिनिटांचा फरक होता. आता डाव्या हातावर १४ आहेत आणि उजव्या हातावर ६. दोन्ही यंत्रांनी तीच खोली आणि तोच वेळ मोजला आहे. फरक आहे तो किती धोका पत्करायचा या निर्णयाचा, आणि तो निर्णय कोणीतरी तुमच्या वतीने आधीच घेऊन ठेवलेला असतो.

म्हणून खरेदी करताना माझा पहिला प्रश्न हाच असतो, की या यंत्राची हिशेबाची पद्धत प्रसिद्ध झालेली आहे का, आणि तिची सावधगिरी मला बदलता येते का. ब्यूलमान पद्धतीच्या अनेक कॉम्प्युटरांत ही सावधगिरी ४०/८५ अशा आकड्यांच्या जोडीने मांडलेली असते. पहिला आकडा सक्तीच्या थांब्यांची सुरुवात किती खोलवर होईल ते ठरवतो. दुसऱ्याचा अर्थ असा, की मूळ पद्धतीने जेवढा जादा दाब चालवून घेतला असता, त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंतच दाब शरीरात शिल्लक ठेवून तुम्हाला पृष्ठभागावर येऊ दिले जाईल. काही उत्पादक याऐवजी नुसत्या शून्य, एक, दोन अशा पायऱ्या देतात. वर्षातून आठ-दहा डाइव्ह करणाऱ्याला तेवढ्याने काम भागते, हे मला मान्य आहे. तरीही त्या पायरीमागे काय दडले आहे ते माहितीपुस्तिकेत लिहिलेले नसेल, तर मी ते यंत्र घेणार नाही.

याच पुस्तिकेत आणखी एक पान खरेदीआधी वाचायला हवे. सक्तीचा थांबा चुकला तर काय होते? काही कॉम्प्युटर २४ किंवा ४८ तास हिशेब करणेच बंद करतात आणि तेवढा काळ नुसती खोली आणि वेळ दाखवतात. काही मात्र झालेल्या चुकीची नोंद ठेवून पुढचा मार्ग दाखवत राहतात. वर जाताना काहीतरी बिघडले असेल, त्या क्षणी माणसाला माहिती हवी असते, शिक्षा नव्हे.

पडद्याची निवड दुकानाच्या लख्ख उजेडात करू नये. दिवा मंद करावा, हातमोजा घालावा, हात लांब धरावा आणि उरलेली मिनिटे एका नजरेत सापडतात का ते पाहावे. रंगीत पडद्यांविषयी एक गैरसमज वारंवार ऐकू येतो, की पाण्यात लाल रंग नाहीसा होत असल्यामुळे लाल इशारा दिसणारच नाही. लाल रंग हरवतो तो पृष्ठभागावरून कित्येक मीटर पाण्यातून खाली येणाऱ्या प्रकाशातला. पडद्याचा प्रकाश त्याचा स्वतःचा असतो आणि हातभर अंतरात तो टिकून राहतो. अडचण येते ती चाळिशी लागलेल्या डोळ्यांना. मास्कच्या सपाट काचेतून वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते खरी, परंतु ती एक चतुर्थांशाने जवळ सरकल्यासारखीही भासते, त्यामुळे जवळचे वाचायला चष्मा लागणाऱ्यांना बारीक अक्षरे पाण्यात अधिकच पुसट दिसू शकतात. अशा डायव्हरने इतर सुविधा सोडाव्यात आणि मोठे आकडे घ्यावेत.

बॅटरीचा प्रश्न साधा वाटतो, पण तो तसा नाही. एका बोटीवर बॅटरी कमी असल्याचे चिन्ह पाहूनही मी दुसऱ्या डाइव्हला उतरलो होतो, आणि २० मीटरवर पडदा काळा झाला. त्या वेळी करण्यासारखे एकच होते: बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला, खूण करणे, सावकाश वर निघणे, ५ मीटरवर ३ मिनिटे थांबणे आणि पुढचा पूर्ण दिवस पाण्याबाहेर बसणे. दुसऱ्या कोणाचा कॉम्प्युटर मागून पुन्हा उतरता आले नसते, कारण त्याच्या स्मृतीत माझ्या शरीरातला नायट्रोजन नव्हता. भाड्याने घेतलेल्या यंत्रातही नेमका हाच धोका असतो. त्यात आधीच्या भाडेकरूचा हिशेब उरलेला असू शकतो आणि तुमचा मात्र नसतो. तेव्हापासून मी स्वतः बदलता येणारी बॅटरी पसंत करतो, तिच्याबरोबर नवी रबरी रिंग ठेवतो, आणि बसवण्याआधी त्या रिंगवर केस किंवा वाळूचा कण नाही ना, हे डोळ्यांजवळ धरून पाहतो.

टाकीतला दाब बिनतारी दाखवणारा ट्रान्समीटर उपयोगी आहे, पण पैसे मोजके असतील तर पहिली गुंतवणूक त्यात नको. रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजला, म्हणजे टाकीवर बसणाऱ्या भागाला, जोडलेला साधा दाबमापक तेच काम वर्षानुवर्षे करत आला आहे. नायट्रॉक्सची, म्हणजे जादा प्राणवायू मिसळलेल्या हवेची, सोय मात्र असावी, आणि तिची मर्यादा ठाऊक असावी. टाकीत ३२ टक्के प्राणवायू आहे असे भरले, तर प्राणवायूच्या दाबाच्या १.४ बार या मर्यादेने कॉम्प्युटर सुमारे ३३ मीटरवर इशारा देईल. टाकीत प्रत्यक्षात ३६ टक्के असेल, तर तो तरीही ३३ वरच देईल. तोवर धोक्याची रेषा मागे पडलेली असेल. तुम्ही भरलेला आकडा त्याला खराच वाटतो.

त्याला माहीत नसलेल्या गोष्टी याहून पुष्कळ आहेत. रात्रीची अपुरी झोप, शरीरात कमी झालेले पाणी, प्रवाहाविरुद्ध मारलेले पाय, थंडीने आखडलेल्या रक्तवाहिन्या आणि वय यांतले बहुतेक काही त्या सोळा कप्प्यांच्या हिशेबात येत नाही. काही यंत्रे तापमान किंवा श्वासाचा वेग पाहून थोडी सावधगिरी वाढवतात, एवढेच.

पुन्हा त्या हाताकडे येऊ. आता आकडा ४ आहे. तो शून्य होईपर्यंत ती थांबत नाही. बडीला अंगठा वर करून खूण देते, तरंगण्यासाठीच्या जॅकेटमधली थोडी हवा सोडते आणि खडकाच्या कडेने वर सरकू लागते. मनगटावरची, वर येण्याचा वेग दाखवणारी उभी पट्टी मिनिटाला नऊ मीटरच्या आत राहते. खोली १८ मीटरवर येते तेव्हा चाराच्या जागी दोन अंकी आकडा दिसू लागतो, आणि ती टाकीतला दाब पाहते.