आईच्या दारातली गोरखचिंच

नमस्कार श्रोतेहो. आज जाऊ या पश्चिम आफ्रिकेत. तेराव्या शतकात तिथे मालीचं साम्राज्य उभं राहिलं. ते उभं केलं सुंदियाता केइता या राजानं. नाव लक्षात ठेवा, सुंदियाता. लढाईचं नंतर सांगते, आधी पाल्याची गोष्ट.

सुंदियाता सात वर्षांचा झाला तरी उभा राहत नव्हता. राजाचा मुलगा, पण रांगायचा. वडील वारले, गादीवर सावत्र भाऊ बसला आणि आई सोगोलोनचे दिवस फिरले. एकदा स्वयंपाक करताना तिच्याकडचा गोरखचिंचेचा पाला संपला. तिकडे तो कालवणात घालतात. ती सवतीकडे मागायला गेली. आपण शेजारी कढीपत्ता मागतो ना, अगदी तसंच. मला तर वाटतं, कढीपत्ता ही विकत घ्यायची वस्तूच नाही, ती मागायची आणि द्यायची. हल्ली त्याचीही पुडी मिळते, याचं मला फार वाईट वाटतं. असो.

सवत म्हणाली, "घे की! माझा मुलगा सात वर्षांचा असताना स्वतः चालत जाऊन पाला आणायचा. तुझा आणत नाही, तर आमच्यातला ने."

सोगोलोन रडतच घरी आली. पोरगा दाराशी बसला होता. म्हणाला, "आई, तुला नुसता पाला हवा, की अख्खं झाड?"

"झाड हवं. मुळांसकट, माझ्या दारात!"

त्यानं लोहारांकडून लोखंडाची जाडजूड कांब मागवली. कांब जमिनीत रोवली, दोन्ही हातांनी धरली. गुडघे जमिनीवरून सुटले. अंगाला घाम सुटला. आणि श्रोतेहो, पोरगा उभा राहिला! कांब मात्र धनुष्यासारखी वाकली. बाल्ला फासेके हा त्याचा जेली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राजवंशाची कहाणी गाणारा, त्यानं तिथल्या तिथे त्या धनुष्याचं गाणं रचलं. सुंदियाता चालत गेला. हो, चालत. वसईच्या किल्ल्यात गोरखचिंच पाहिली असेल तुम्ही, काय तो बुंधा! तसलं झाड त्यानं उपटलं, खांद्यावर घेतलं आणि आईच्या दारात आणून टाकलं. त्या दिवसापासून गावातल्या बायका पाला मागायला सोगोलोनच्या दारी येऊ लागल्या.

वेळ थोडा उरलाय. पुढे मायलेकरांना परागंदा व्हावं लागलं. मेमाच्या राजानं आसरा दिला. इकडे सोसोचा राजा सुमांगुरु कान्ते यानं सुंदियाताचा मांदे मुलूख जिंकला, तेव्हा लोकांनी सुंदियाताला शोधून परत आणलं. १२३५ च्या सुमारास किरिनाला लढाई झाली आणि सुंदियाता जिंकला. मग कुरुकान फुगाच्या मैदानात सगळी कुळं जमली, कुणाचे हक्क काय, कुणाचं काम काय, ते ठरलं. जेलींनी तो करार तोंडी जपला. २००९ साली युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तोंडी जपला, हे विसरू नका.

आणि १९६० साली तिथलीच फ्रेंचांची वसाहत, फ्रेंच सुदान, स्वतंत्र झाली, तेव्हा त्या देशानं स्वतःला नाव घेतलं माली.