मावशी, तुझं गणित बरोबर आहे, पण...

(वाचनालयाच्या मासिक कार्यक्रमातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे उभ्या असलेल्या मुलांनी पुढे येऊन सतरंजीवर बसावं. विषय तुमचाच आहे आणि मधून मधून मला तुमच्याकडूनच खात्री करून घ्यायची आहे.

'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा संगणकावरचा खेळ इथल्या बऱ्याच मुलांनी खेळलेला आहे, त्यामुळे नियम सांगत बसत नाही. सोबत आलेल्या आईवडिलांसाठी थोडक्यात सांगते. षटकोनी घरांचा नकाशा असतो. त्यावर माणसं, एल्फ आणि ऑर्क ही परीकथेतली मंडळी, सांगाडे. बुद्धिबळासारखं आळीपाळीने खेळायचं. पण बुद्धिबळात घोड्याने प्यादं मारलं की ते मेलंच, आणि इथे प्रत्येक वाराला दान पडतं. लागला तर लागला. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये हा खेळ सुरू केला आणि तेव्हापासून जगभरातली माणसं हौसेने तो घडवत आली आहेत. तो फुकट आहे, मुक्त परवान्याखाली आहे, त्याचे नियम कुणालाही उघडून वाचता येतात, बदलता येतात. म्हणून इथे खेळाडूच्या सूचनेला वजन आहे. घरातल्या मिक्सरबद्दल मी कितीही चांगली सूचना केली तरी ती माझ्या स्वयंपाकघराबाहेर जात नाही. (हशा)

मी आज चार सूचना मांडणार असं पत्रिकेत छापलंय. त्या मांडणारच आहे. पण आधी मे महिन्यातली एक संध्याकाळ सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच निघालं.

माझा भाचा दहावीची परीक्षा देऊन नाशिकहून सुट्टीला आला होता. कोनराड नावाच्या राजपुत्राची, 'हेअर टू द थ्रोन' ही मोहीम, म्हणजे एकामागून एक लढायांची गोष्ट, खेळत होता. एलेन्सेफार शहराच्या वेढ्यापर्यंत पोचला होता. आल्डुइनच्या बेटावरच्या लढाईनंतर जादूगार भरती करता येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातला एक त्याने तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. त्याला वरच्या लेव्हलला जायला नेमके आठ गुण हवे होते, आणि पहिल्या लेव्हलचा शत्रू मारला की आठच गुण मिळतात. मग तो पांढरा जादूगार झाला असता. म्हणजे सैन्याला पुढे पुरेल असा वैद्य.

समोर सांगाडा. त्याचा जीव सात उरलेला. जादूगाराचा बाण आगीचा, आणि आगीपुढे सांगाडा कच्चा, वीस टक्के जास्त लागते त्याला. वेळ सांजेची, म्हणजे जादूगाराला दिवसाचा फायदा नाही आणि रात्रीचा तोटाही नाही. एक बाण लागला की जीव आठने उतरणार. काम फत्ते. जादूगाराचे वार तीन, आणि शत्रू कुठेही उभा असो, त्याचा प्रत्येक वार लागण्याची शक्यता सत्तर टक्के. भाच्याने मला हाक मारली, "मावशी, बघायला ये." मी कणीक मळत होते, तशीच आले.

पहिला हुकला. दुसरा हुकला. तिसराही हुकला.

मग शत्रूची पाळी. वेळ अजून सांजेचीच. सांगाड्याला रात्री पंचवीस टक्के बळ चढतं, तेही अजून चढलेलं नव्हतं. पण तो जादूगार आधीच जखमी होता, दोन घावांत गेला. पोरगं काही बोललं नाही. रात्री जेवलंही नीट नाही. अकरा वाजता पाहते तर इंग्रजीत लांबलचक सूचना लिहीत बसलेला: जादूगाराचा नेम कधीच चुकू नये, किंवा पहिला वार हुकला तर दुसरा नक्की लागावा, किंवा हे दान पडणं खेळातून काढूनच टाकावं.

मी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आहे. मी कागद ओढला. एक वार हुकण्याची शक्यता तीस टक्के. तिन्ही हुकण्याची शून्य पूर्णांक तीनचा घन, म्हणजे २.७ टक्के. सदतीस हल्ल्यांत साधारण एकदा. त्याला विचारलं, या मोहिमेत जादूगारांनी किती हल्ले केले असतील? तो म्हणाला, पन्नास-साठ. म्हटलं, मग असं निदान एकदा घडण्याचीच शक्यता जास्त.

त्यावर तो जे बोलला ते मी आजही विसरलेले नाही. "मावशी, तुझं गणित बरोबर आहे. पण मला तो पुढच्या लढाईत हवा होता."

मी तिथे गप्प झाले. कारण दुखणं हेच होतं. ते फाशात नव्हतं, पुढच्या लढाईत होतं. नेटवर दोन माणसं समोरासमोर खेळतात तेव्हा उलटं दान पडलं तर डाव हातचा जातो आणि उद्या नवा मांडता येतो. मोहिमेत मात्र गेलेला अनुभवी सैनिक पुढच्या चार-पाच लढायांत प्रत्येक वेळी जाणवतो. सैन्य दुबळं, म्हणून पुढची लढाई महागात जाते, सैनिक घ्यायचं सोनं कमी उरतं, सैन्य आणखी दुबळं होतं. मग मुलं काय करतात? जुना सेव्ह, म्हणजे आधी जपून ठेवलेला डाव, उघडतात. हात वर करा, कोणी कोणी उघडलाय? ... बघा, सगळ्यांनी. यात लबाडी नाही, मी यासाठी कुणाला रागावणार नाही. खेळ कुठे दुखतो आहे ते हे हात सांगतायत.

इथे एक आडवळण घेते. आमचं गाव सिन्नर तालुक्यात. वडील कोरडवाहू बाजरी करायचे. पहिल्या पावसावर सगळं बियाणं त्यांनी कधीच पेरलं नाही. कणगीत दुबार पेरणीपुरतं ठेवूनच बाकीचं शेतात जायचं. पाऊस ठरल्या दिवशी आला असता तर त्या शहाणपणाची गरज पडली नसती. वेस्नॉथमधलं दान मला म्हणूनच प्रिय आहे. जखमी जादूगाराच्या मागे दुसरा भालाईत उभा ठेवायचा का, रात्र पडायच्या आत एक घर मागे यायचं का, हे प्रश्न वार हुकू शकतो म्हणूनच पडतात. नेम पक्का केला तर उरेल ती नुसती बेरीज-वजाबाकी.

दान काढून टाका, ही सूचना इतक्यांदा आलेली आहे की हा खेळ घडवणाऱ्यांनी वारंवार येणाऱ्या सूचनांची एक यादीच करून ठेवली आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत नशिबाचे चढउतार कमी करणारा एक पर्यायही दिला आहे. तो घेतला तर भाच्याचे तिन्ही वार हुकले नसते, हे खरं. पण मग एका दानावर जीव वाचवून परत आलेला घोडेस्वारही मिळत नाही, आणि मुलं घरी येऊन ज्या लढाया सांगतात त्या अशाच घोडेस्वारांच्या असतात. धनुर्धाऱ्याने दोन घरं लांबून बाण मारावा, ही अशीच दुसरी आवडती सूचना. त्याला विरोध करायला मला वेगळा तास लागेल, कारण तसं झालं तर शेजारच्या घरात उभं राहून शत्रूची वाट अडवायची ही सगळी कलाच निकालात निघते.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं, मग चारही सूचना भराभर सांगते.

पहिली. किती घाव अपेक्षित होते आणि किती लागले, हा हिशेब खेळ ठेवतोच, पण तो मेनूत जाऊन शोधावा लागतो. लढाई हरल्याच्या क्षणी तो आपणहून समोर यावा. नशिबाने किती मारलं आणि आपण रात्री उघड्या माळावर उभे राहिलो म्हणून किती, हे मुलाला तिथल्या तिथे दिसेल.

दुसरी, आणि माझ्या मनातली खरी हीच. दान आहे तसं ठेवा, भरपाई मोहिमेत करा. मोहीम लिहिणाऱ्याने प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला बघावं की खेळाडूकडे दुसऱ्या लेव्हलचे किती सैनिक उरलेत. एकही नसेल तर कथेतूनच एखादा येऊ द्यावा: वाट चुकलेली एल्फ वैद्य, गावातला म्हातारा जादूगार. तो निष्ठावान असावा, म्हणजे त्याच्या पगाराचं ओझं पडणार नाही. असे सोबती मोहिमांत आधीपासून भेटतात, फक्त ते सगळ्यांना सारखे भेटतात. पडलेल्याला आधी भेटावेत, एवढंच मागते आहे.

तिसरी, सूचना करणाऱ्यांसाठी. गावाकडे दवाखान्यात माणूस "डॉक्टर, सुई द्या" म्हणतच आत येतो. तसं करू नका. उपाय नंतर सांगा, आधी प्रसंग सांगा. झालेली लढाई खेळ जपून ठेवतो, पुन्हा जशीच्या तशी पाहता येते. ती जोडा आणि खाली एकच ओळ लिहा: या जागी मला काय हवं होतं. भाच्याच्या लांबलचक पत्रात ही ओळ नव्हती. ती त्याने मला तोंडी सांगितली.

चौथी. जमेल तर आधी स्वतः करून बघा. वेस्नॉथच्या मोहिमा आणि सैनिक साध्या मजकुराच्या फायलींत, चौकटी कंसांतल्या खुणांनी लिहिलेले असतात. भालाईताची किंमत चौदा सोनं आहे, ती बारा करायला एक आकडा बदलावा लागतो. बदला, दहा डाव खेळा, भावंडांना खेळायला द्या, मग पाठवा.

भाच्याने दुसरी सूचना स्वतः बांधायला घेतली आहे. वाट चुकलेली वैद्यबाई झाडीतून बाहेर येते, पण सध्या ती दोनदा येते. कुठे चुकतंय ते आम्हाला सापडलेलं नाही. ज्याला या फायली वाचता येतात त्याने चहाच्या वेळी मला भेटावं, लॅपटॉप सोबत आणला आहे.